तळ्याची राखण

वाचनालयाच्या मुदत ठेवीची पावती या आठवड्यात तीनदा कपाटातून काढली आणि तीनदा परत ठेवली. खजिनदारीच्या अकरा वर्षांत मला चोर कोणी म्हटलं नाही. कंजूष सगळ्यांनी म्हटलं.

तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण लोक डोळा मारूनच म्हणतात. पण जो चाखत नाही, दुसऱ्यालाही चाखू देत नाही, नुसता काठी घेऊन पाळीवर बसतो, तो या म्हणीत कुठे बसतो?

आमच्या भंडारा-गोंदियाकडे तळं ही म्हणीपुरती गोष्ट नाही. कोहळी समाजाने बांधलेली मालगुजारी तळी इथे गावोगाव आहेत. 1951मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, राखणदार बदलले आणि गाळ काढायचा राहूनच गेला. आजोबा मात्र उन्हाळ्यात बोडीतला, म्हणजे लहान तळ्यातला, गाळ बैलगाडीने धानाच्या बांधीत नेऊन टाकत. मी गाडीवर बसायचो, गाळ पायाला लागून वाळायचा आणि खरवडला की पोपडे निघायचे. गाळाचं तळं फसवं. श्रावणात काठोकाठ दिसतं आणि धानाच्या शेवटच्या पाण्याला दगा देतं.

आमची ठेवही तशीच काठोकाठ दिसते. पूर्वी तिच्या व्याजात वर्तमानपत्रं, दिवाळी अंक आणि ग्रंथपालांचं मानधन निघायचं. आता वर्तमानपत्रं आणि वीजबिल.

तळ्याला सांडवा लागतो, नाहीतर पाळ फुटते. आयकरवाल्यांनीही तो ठेवलाय : उत्पन्नातले 85 टक्के संस्थेच्या कामावर खर्च करा; उरलेल्या 15 टक्क्यांहून जास्त साठवायचं तर कारण लिहून द्या आणि पाच वर्षांत त्याच कारणासाठी खर्चा. मी कारण लिहिलं होतं, ‘इमारत दुरुस्ती’. हे पाचवं वर्ष.

पण 2020 आठवतं. दाराला कुलूप, वर्गणी बंद, अनुदान लांबलेलं. तेव्हा याच ठेवीवर कर्ज काढून ग्रंथपालांना पैसे दिले. कंजूष म्हणणारे त्या महिन्यांत गप्प होते. मग मी राखलं ते बरोबरच, असं म्हणावं तर त्याच वर्षी गळक्या छपराखाली भिजलेली पुस्तकं आम्ही रद्दीत घातली. ती कुणाच्या खात्यावर मांडायची?

आजोबांना विचारलं असतं. पण ते बोडीचं पाणी कधी मोजत नसत. गाळ मात्र दर वर्षी काढत.

ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. छपरावर ताडपत्री टाकली आहे. कवितांच्या कपाटावर अजून गळतं.