लासलगावचा बाजार

उन्हाळ्याची सुट्टी लागून आठ दिवस झाले होते. नाशिकरोडच्या एका घराच्या दारात सकाळी सकाळी घासाघीस चालली होती. "वीस रुपये किलो? कांद्याला काय सोने लागले आहे?" आई विचारीत होती. भाजीवाला तागडी सावरीत म्हणाला, "ताई, मी तरी काय करू? भाव वरूनच येतो." उंबरठ्यावर बसलेल्या मुलाने हे ऐकले आणि तो आजोबांकडे वळला.

"आजोबा, वरून म्हणजे कोठून?"

आजोबांनी वर्तमानपत्राची घडी केली. "हे घरात बसून सांगता यायचे नाही. उद्या सकाळच्या गाडीने आपण लासलगावला जाऊ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन तापण्यापूर्वीच आजोबा व नातू गाडीत बसले. मुलाने खिडकीजवळची जागा पटकावली. नाशिकरोडपासून लासलगाव पन्नास किलोमीटरही दूर नाही. पण प्रत्येक गावाची विचारपूस करीत जाणाऱ्या गाडीला कसली घाई? ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे अशी लहान लहान स्थानके येत होती. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायाबापड्या चढत होत्या, उतरत होत्या. रुळांच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे पसरले होते. द्राक्षे केव्हाच उतरली होती. छाटणीनंतर फुटलेली कोवळी पालवी आता मांडवावर चढत होती. उत्तरेस सातमाळ्याची निळसर रांग गाडीबरोबर चालत असल्यासारखी वाटत होती.

निफाड आले तेव्हा आजोबा म्हणाले, "न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली याच गावी झाला. शेतकरी कर्जात का बुडतो, याचा त्यांनी पुष्कळ विचार केला होता." मुलाने स्थानकाच्या पाटीकडे एकवार नीट पाहून घेतले.

लासलगावला उतरताच वाऱ्याबरोबर कांद्याचा उग्र वास आला. रिक्षाने दोघे बाजार समितीच्या आवारात पोहोचले, आणि मुलगा थक्क होऊन उभाच राहिला. जिकडे पाहावे तिकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि लहान मोठ्या मोटारी रांगेने उभ्या होत्या. प्रत्येकीत तांबूस, गुलाबी कांद्याचा ढीग होता.

"एवढा कांदा खातो तरी कोण?" मुलाने विचारले.

"सारा देश खातो, आणि परदेशही. १८६० नंतरच्या काही वर्षांत या भागातून आगगाडीचा मार्ग गेला आणि येथल्या मालाला दूरदूरची गावे जवळ झाली. १९४७ साली येथे ही बाजार समिती स्थापन झाली. आज लासलगावचे नाव कांद्याच्या मोठ्या बाजारपेठांत अग्रभागी आहे." आजोबा थोडे थांबून म्हणाले, "पूर्वी कित्येक बाजारांत भाव कसा ठरे, ठाऊक आहे? अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबीत. ज्याचा माल, त्यालाच बिचाऱ्याला काही कळत नसे. समित्या आल्या आणि बोली सर्वांसमक्ष, मोठ्याने होऊ लागली."

एका ट्रॉलीजवळ साधारण मुलाच्याच वयाची एक मुलगी वाकून काहीतरी वेचीत होती. ट्रॉलीतून घरंगळून खाली पडलेले कांदे ती एकेक करून उचलीत होती, फ्रॉकला पुसून परत ढिगावर ठेवीत होती. तिचे वडील चाकाला टेकून उभे होते. आजोबांनी रामराम केला, तेव्हा तेही हसून म्हणाले, "या बाबा. नंबर लागायला उशीर आहे अजून."

बोलता बोलता त्यांनी कांद्याची सारी हकीकत सांगितली. दिवाळीच्या सुमारास रोपासाठी बी टाकायचे. थंडीत, पाण्याच्या वाफ्यात वाकून, एकेक रोप बोटांनी लावायचे. रात्री वीज येईल तेव्हा उठून पाणी द्यायचे. उन्हाळ्यात काढणी करायची, पात कापायची, कांदा सुकवायचा, निवडायचा. "यंदा मजुरी वाढली, खत वाढलं. क्विंटलला बाराशे मिळाले तर बरं. हजाराच्या खाली गेलं की घरातून घालावं लागतं."

इतक्यात व्यापाऱ्यांचा घोळका जवळ आला. सोबत समितीचा कर्मचारी होता. दोघांचौघांनी ढिगात हात घालून कांदे वर काढले, दाबून पाहिले, त्यांचा आकार व रंग न्याहाळला. एकाने बोली सुरू केली. "सातशे!" "साडेसातशे!" "आठशे!" "नऊशे!" मुलीने हातातला कांदा तसाच धरून ठेवला होता. ती कोणा व्यापाऱ्याकडे पाहत नव्हती; ती पाहत होती वडिलांच्या चेहऱ्याकडे. "नऊशे वीस!" "नऊशे चाळीस!" आणि आवाज थांबला. सारे काही एका मिनिटाच्या आत आटोपले होते.

कर्मचाऱ्याने विचारले, "देता का?"

शेतकऱ्याला नाही म्हणता आले असते. पण ट्रॉली भाड्याची होती. पश्चिमेला वळवाचे ढग जमू लागले होते. घरची कांद्याची चाळ अर्धीअधिक भरलेली होती, आणि चाळीतला कांदा काही महिने टिकत असला तरी वजनाने घटतो, काही सडतो, पाऊस लागला की मोडही येतात. शिवाय मृगापूर्वी बियाणे घ्यायचे होते, आणि मुलीची शाळाही उघडणार होती. त्यांनी एकदा ढगांकडे पाहिले, एकदा ढिगाकडे पाहिले आणि मान हलविली. कर्मचाऱ्याने पावती लिहून दिली. मुलीने ती घडी करून मुठीत घट्ट धरली.

मुलाने मनाशी हिशेब केला. क्विंटलला ९४० रुपये, म्हणजे किलोला ९ रुपये ४० पैसे. तो हळूच म्हणाला, "आजोबा, आई तर वीस रुपये देत होती. मग मधले पैसे कोणी खाल्ले?"

"चल, ट्रॉलीबरोबरच जाऊ. स्वतःच पाहा."

भुईकाट्यावर वजन झाले. पंचवीस क्विंटल भरले. मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेली. तेथे बायका ओळीने बसून कांदा निवडीत होत्या. मोठा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, फुटका आणि नासका वेगळा. हमाल जाळीदार गोण्या भरून पाठीवर वाहत होते. पुढे मालमोटारीचे भाडे, वाटेत सडणारा माल, शहरातला घाऊक व्यापारी आणि शेवटी दारोदार हातगाडी ढकलणारा भाजीवाला. "यांतल्या पुष्कळांचे पोट या कांद्यावरच चालते," आजोबा म्हणाले. "माल टिकविता आला, तर शेतकऱ्याला भावासाठी थांबता येते. म्हणून तर भाभा अणुसंशोधन केंद्राने या लासलगावात २००२ साली एक केंद्र उभारले. गॅमा किरणांचा मारा केला की कांद्याला मोड येत नाहीत. पण ज्याला आजच पैसे हवेत, तो थांबणार कसा?"

"मग आईचे चुकले का?"

"नाही. तिलाही महिन्याचा खर्च ठराविक पैशांतच बसवावा लागतो. भाव चढला की तिच्या डोळ्यांत पाणी येते, उतरला की यांच्या. दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत, एवढेच."

निरोप घेताना मुलीने दोन चांगले मोठे कांदे मुलाच्या हातात ठेवले. आजोबांनी खिशात हात घातला. शेतकऱ्याने तो तेथेच थांबविला. "असं नका करू बाबा. पाहुण्याकडून पैसे घेतात का कुठं?" नुकताच तोट्याचा सौदा केलेल्या त्या माणसाच्या आवाजात किंचितही कडवटपणा नव्हता. मुलाला काय बोलावे ते सुचेना. त्याने कांदे दोन्ही हातांनी घेतले.

परतीच्या गाडीत वळवाच्या सरी खिडकीवर आपटू लागल्या. मुलाने काच ओढून घेतली आणि विचारले, "ते घरी पोहोचले असतील का हो?" आजोबा बाहेरच्या अंधारलेल्या मळ्यांकडे पाहत म्हणाले, "पोहोचले असतील." पुढे बराच वेळ दोघेही काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्याची हाक आली. आई पिशवी घेऊन बाहेर गेली. मुलगाही तिच्यामागे गेला. तागडीत कांदे टाकताना एक गोल्टी घरंगळली आणि हातगाडीखाली धुळीत जाऊन पडली. कोणाचेच तिकडे लक्ष नव्हते. मुलगा खाली वाकला. त्याने तो कांदा उचलला, सदऱ्याला पुसला आणि परत ढिगावर ठेवला.