एकोणीस मिलिमीटर

नांदेड, २४ मे

दुपारभर सायकल उलटी टाकून मोजमाप घेतलं. पोलादी फ्रेमची जुनी रेसर, चाकं ७०० सी, टायर २८ मिलिमीटर रुंद. तिला लहान रिमवर न्यायचं ठरवलंय. रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास आत्ता ६२२ मिलिमीटर आहे. मला हवी ती ५८४ची. फरक ३८, म्हणजे त्रिज्येत १९. सगळं काम या १९ मिलिमीटरांभोवती फिरणार.

मला खरं तर जाड टायर हवाय. ६२२च्या रिमवर ४० मिलिमीटरचा टायर चढवला तर चाक ७०२ मिलिमीटरचं होतं आणि चिमट्याच्या माथ्याला घासतं. रिम लहान घेतली की तोच टायर ६६४ मध्ये मावतो. आत्ताचं चाक ६७८चं आहे, म्हणजे सायकलीची ठेवण फारशी बदलत नाही. मागच्या दोन नळ्यांमध्ये टायर येतो तिथली फट ५० मिलिमीटर भरली. दोन्ही बाजूंना पाच-पाच मोकळे. याहून जाड टायर या फ्रेमला झेपणार नाही.

लोह्याकडे जाणारा हमरस्ता चौपदरी आहे, पण हमरस्त्यासाठी मी सायकल काढतच नाही. गावाकडे वळलं की उखडलेलं डांबर, त्यावर सुटी खडी, मग मुरूम आणि शेवटी पांदण. २८च्या टायरात ९० पौंड हवा भरून तिथं गेलं की तळहाताला मुंग्या येतात. खडीवर बसणारा प्रत्येक हादरा अंगात जिरतो, आणि तो जिरवण्यात पायांची ताकदच खर्ची पडते. टणक टायर वेगवान असतो ही समजूत गुळगुळीत डांबरापुरती खरी. आमच्याकडचं डांबर तसं नाही.

नांदेड, २७ मे

वजिराबादला टायरच्या शोधात. इंचाच्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. २६ × १ ३/८ ची कड ५९०, २६ × १ १/२ ची ५८४, २६ × १.७५ ची ५५९. तिन्हींवर २६च छापलेलं, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीची २८ × १ १/२ ची रिम ६३५ची, माझ्या ७०० सीपेक्षाही १३ मिलिमीटरनं मोठी. टायरच्या बगलेवर बारीक अक्षरांत एक जोडआकडा असतो, तेवढाच वाचावा. ४०-५८४ म्हणजे रुंदी ४०, कडेचा व्यास ५८४.

चांगली गोष्ट अशी की २७.५ नावानं विकल्या जाणाऱ्या सायकलींची रिम ५८४चीच असते. शाळा-कॉलेजातल्या पोरांनी जाड टायरच्या सायकली घेतल्या आणि त्यामुळे ट्यूब, टायर आता तालुक्याच्या गावीही मिळतात. अडचण रिमची. हल्लीच्या बहुतेक २७.५च्या रिमा डिस्क ब्रेकसाठी बनवलेल्या. ब्रेकचं रबर टेकायला लागते ती सपाट कड त्यांना नसतेच. तशी कड असलेली, ३६ भोकांची, दुहेरी भिंतीची जोडी बऱ्याच शोधानंतर मिळाली. माझे हबही ३६ भोकांचे, त्यामुळे हब, गिअर, चेन, सगळं आहे तेच राहील.

रात्री जुनं वाचन उजळलं. ५८४ची ही रिम म्हणजे फ्रेंचांची ६५० बी. सेंत-एतियेनचा पॉल द व्हिव्ही 'व्हेलोसिओ' या नावानं लिहायचा, १८८७ पासून सायकलीवरचं नियतकालिक चालवायचा. डोंगराळ मुलखात प्रवास करणाऱ्याला लहान चाक आणि जाड, मऊ टायर सोयीचा, असं तो १९३० मध्ये मरेपर्यंत सांगत राहिला. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या सायकलींवर ही रिम रूढ झाली, पुढे मागे पडली, आणि २००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कर्क पासेन्टीनं ती डोंगरी सायकलींवर पुन्हा आणली. तीच फिरत फिरत २७.५ होऊन आमच्या बाजारात आली. रस्ते वाईट होते तेव्हा सुचलेला तोडगा वाईट रस्त्यांच्याच मुलखात पोचला, हे मला फार योग्य वाटतं.

लातूर, २ जून

दोन रिमा सुतळीनं एकत्र बांधून, हब पिशवीत घालून एस.टी.नं आलो. लोहा, अहमदपूर, चाकूर. नांदेडातही चाकं बांधून मिळाली असती, पण गंजगोलाईजवळच्या या मिस्त्रीकाकांच्या हातची चाकं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. गोलाईत मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकावर त्यांचं दुकान, पुढं पत्र्याची सावली.

दाराशी उभ्या असलेल्या एका रेसरच्या चिमट्यात त्यांनी माझी रिम धरून पाहिली. "चाक बसंल सर, पण बिरेकचं काय? रबर रिमला टेकंना, टायरलाच घासंल. फाडून टाकंल की!" अगदी बरोबर. मी वहीतला हिशेब दाखवला. आत्ता ब्रेकच्या बोल्टपासून रबरापर्यंत ४६ मिलिमीटर. १९ मिळवले की ६५. नेहमीच्या रेसरचे ब्रेक ४९ पर्यंत पोचतात, थोडे लांब हातांचे ५७ पर्यंत. टेक्ट्रोचा आर ५५९ हा ५५ ते ७३ चा, तो मागवलाय. काकांनी आकडे ऐकले, टेपनं स्वतः एकदा मोजलं, आणि मगच हब कापडावर काढले.

बांधणी पाहत बसलो. तारा माप काढून आणलेल्या, आधीच्यापेक्षा सुमारे १९ मिलिमीटरनं आखूड. मागच्या चाकाच्या उजव्या तारा डावीकडच्यांहून किंचित लहान, कारण गिअरला जागा देण्यासाठी हबची उजवी कड आत सरकलेली असते. प्रत्येक तार तिघींना छेदून रिमला जाते, आणि तिसरीशी गुंफून. निपलमध्ये तेलाचा थेंब टाकून सगळ्या आधी सारख्या सैल आवळल्या, मग प्रत्येकीला अर्धा फेरा, परत अर्धा. मधेच काका थांबले, दोन-दोन तारा मुठीत धरून जोरात दाबत गेले. टिणटिण आवाज झाला. "आत्ताच बसवून घ्यावं. नाहीतर रस्त्यावर बसत्यात, आन् चाक आऊट होतंय." मग बोटानं एकेक तार छेडून कान लावला. उजवीकडचा सूर वरचा, डावीकडचा खालचा, पण एका बाजूच्या सगळ्यांचा सारखा यायला हवा. जिथं सूर उतरला तिथं चावीचा पाव फेरा. आऊट काढायला खडू धरला तेव्हा रिमवर कुठं एका जागी ठिपका न उमटता फिकट रेघ सगळीकडं सारखी आली.

या कामाला जे पैसे त्यांनी सांगितले ते मला कमी वाटले. तसं बोललो, आणि जास्त दिले.

नांदेड, ८ जून

मृग लागला. दुपारी गार वारा सुटला, पाऊस शिंतडला.

ब्रेक बसवले. रबर रिमच्या कडेवर नेमकं टेकलं, खाली-वर सरकवायला जागा उरली. हात लांब असल्यानं दाब थोडा मऊ लागतो. नव्या केबल आणि नवं आवरण घातल्यावर तो पुष्कळ सुधारला. या बदलात जुन्या केबलवर भागवू नये.

धुरी ७ मिलिमीटर खाली आली, त्यामुळे पेडलही तितकंच जमिनीजवळ गेलं. पूर्वी क्रँकचा मधला एक्सल जमिनीपासून २६९ वर होता, आता २६२ वर. वळणावर आतलं पेडल वर धरायची सवय असली की भागतं. मीटरमध्ये चाकाचा परीघ २१३० ऐवजी २०८६ घातला; तसं केलं नाही तर अंतर दोन टक्क्यांनी जास्त दिसतं.

नांदेड, १५ जून

पहाटे लोह्याच्या बाजूला, मग हमरस्ता सोडून आत. हवा ४५ पौंड. मुरमावर सायकल पूर्वी थरथरत बाजूला सरकायची, आज सरळ रेघेत गेली. सुट्या खडीच्या उतारावर ब्रेक न दाबता उतरता आलं. हमरस्त्यावर वेग कमी झाल्याचं जाणवलं नाही, मीटरही तेच सांगत होता. तळहात शेवटपर्यंत जागे.

सराट्यानं मात्र गाठलंच. मऊ टायर काट्याला अडवत नाही, तो बाभळीचा असो की सराट्याचा. ट्यूबमध्ये चिकट द्रव भरून घ्यावा लागेल.

आणि पांदणीतली ओली रेगड. पन्नास पावलांत ती टायरवर चढली, नळ्यांमधल्या पाच मिलिमीटरच्या फटीत कोंबली गेली, चाक थांबलं. काडीनं उकरून काढली. या मातीत पावसाळ्याचे दिवस सायकल खांद्यावर घेऊनच चालावं लागतं, जाड टायरनं त्यात काही फरक पडत नाही. मडगार्ड लावायचा विचार होता तो दिवाळीपर्यंत सोडला.

नांदेड, १९ जून

लातूरहून काकांचा फोन. एक कॉलेजचा पोरगा कार्बनची रेसर घेऊन आलाय, त्यालाही असंच करून हवंय. मी म्हटलं, आधी ब्रेक कुठले ते बघा. डिस्क असेल तर अर्धं काम वाचलं. डिस्क हबला असते, रिम लहान झाली तरी ब्रेक जागचा हलत नाही. पण कार्बनच्या फ्रेमला मागच्या नळ्या घासून किंवा ठोकून जागा करता येत नाही, हे त्या पोराला आधीच सांगा. ब्रेक डिस्कचेच निघाले. मागची फट मोजून कळवतो म्हणाले.