नवस आणि तपासणी

मंगळवारी-शनिवारी जामसांवलीला जाऊन बघा, पहुडलेल्या हनुमंतापुढं नवस बोलणाऱ्या बायाच जास्त दिसतील. कुणी मूल मागते, कुणी पोटातलं धडधाकट यावं म्हणून हात जोडते. आम्ही जैन असलो तरी सौंसर-पांढुर्ण्याकडं या नवसाचा नारळ आमच्याही घरी येतोच.

या भागात सिकलसेलची घरं पुष्कळ. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक नसांत अडकतात, अंग ठणकतं, रक्त कमी पडतं. वाहकाला सहसा त्रास नसतो, म्हणून पत्ताही लागत नाही. नवरा-बायको दोघं वाहक असले, की दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 4 पैकी 1. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो.

ओळखीतल्या एका सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिला मुलगा सिकलसेलचा. डॉक्टर म्हणाले, अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा कणभर नमुना काढून बाळाचं कळतं. ते चुकलं तर सोळाव्यानंतर गर्भजल तपासता येतं. गर्भपाताचा धोका थोडा असतो, तोही त्यांनी सांगितला. सासूबाई मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर मुंगीलाही जपता. हे पाप आहे म्हणून तुम्हीच सांगा हिला."

मी म्हटलं, "आमच्यात हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेफिकिरीत सांगितलंय. कळू शकतं ते कळून न घेणं, ही बेफिकिरी नाही का? तपासणी म्हणजे गर्भपात नव्हे. आजार निघाला तरी बाळ ठेवता येतं, पहिल्या दिवसापासून औषधपाण्याची तयारी करता येते."

पुढचा निर्णय सोपा आहे, असं मी म्हणणार नाही. माझ्या मनाला गर्भपात पटत नाही. पण रात्र-रात्र कण्हणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊन बसली ती, मी नाही. तिनं काय ठरवलं, मी विचारलं नाही.

आणि बायांनो, भिऊ नका. 1994 च्या कायद्यानं मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी आहे. नोंदणी असलेल्या केंद्रात आनुवंशिक आजार तपासायला नाही. त्याहून बरं म्हणजे लग्नाआधीच दोघांचं रक्त तपासावं. 2023 च्या जुलैत आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात ही तपासणी होते. थॅलेसेमियाचंही तसंच, तेही बघून घ्यावं. आपण छत्तीस गुण जुळवतो, त्यात हा सदतिसावा धरा. नारळ खुशाल फोडा, पण दवाखान्याची तारीख चुकवू नका.