खाऱ्या समुद्रातील गोड पाणी

मालवणचे आमचे वडिलोपार्जित घर विकावयाचे ठरले, म्हणून नाताळच्या सुटीत आम्ही तेथे सहकुटुंब गेलो. कागदपत्रांचे बाड सोडणार तोच काकू म्हणाल्या, "ते राहू दे; आधी मुलांना किल्ला दाखवून आण." त्यांचा शब्द मोडवेना. आम्ही होडीत बसलो.

कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला. १६६७ साली काम पुरे झाले. पुढे १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्यास 'फोर्ट ऑगस्टस' हे नाव दिले. ते केव्हाच विसरले गेले. उलट १९८१ साली सबंध जिल्ह्यासच सिंधुदुर्ग हे नाव मिळाले! राजाराममहाराजांनी बांधविलेल्या देवळात शिवरायांच्या मूर्तीपुढे मुलांनी हात जोडले. परंतु त्यांस खरे नवल वाटले ते दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींचे. चोहीकडे खारा समुद्र आणि मध्ये गोड पाणी!

आता तारकर्लीची वाळू, देवबागचा संगम व समुद्रतळीची प्रवाळे पाहावयास दूरदूरची माणसे येतात. घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या आहेत. आमच्या घरास भाव आला तो त्यामुळेच.

सायंकाळी धाकट्या चिरंजीवांनी परसातील विहिरीचे पाणी ओंजळीने चाखले व विचारले, "बाबा, हीसुद्धा गोडच आहे. मग हीपण विकायची?"

काकू काही बोलल्या नाहीत. आम्हांसही उत्तर सुचले नाही. त्या रात्री बाड सोडले नाही; सही राहिली ती अद्याप राहिलीच आहे.