वेल यायच्या आधी

वाटाण्याच्या वेलीचं टाइम-लॅप्स लावताना पहिली चौकट जवळजवळ रिकामीच घ्यावी लागते. तळाशी कुंडीची कड, मातीचा एक पट्टा, मागे काळं कापड. बाकी सगळी जागा वेलीची, आणि वेल तर अजून मातीखाली. ती किती उंच जाईल, कुठल्या अंगाला झुकेल, हे ताडून जागा आधीच सोडायची, कारण एकदा सुरुवात झाली की कॅमेरा तसूभरही हलवता येत नाही. म्हणून मी त्याच बियाण्याचे चार दाणे दुसऱ्या कुंडीत आधी पेरते, ते कसे चढतात ते बघते आणि मगच ट्रायपॉड मांडते. या कामातला सगळ्यात मोठा आनंद मला इथे मिळतो.

मग कॅमेऱ्याची हुशारी एकेक करून काढून घ्यायची. ऑटोफोकस बंद, फोकसची रिंग चिकटपट्टीने बांधलेली. व्हाइट बॅलन्स, आयएसओ, शटर, सगळं हाताने ठरवलेलं. एकट्या फोटोत उजेडाचा एवढासा फरक कळतही नाही. सेकंदाला चोवीस फोटो पळू लागले की तोच पडद्यावर लुकलुकतो. ॲपर्चर सगळ्यात हट्टी. आकडा तोच ठेवला तरी लेन्सची पाती दर फोटोला मिटतात, उघडतात, आणि दरवेळी नेमक्या त्याच जागी थांबतीलच असं नाही. त्यासाठी मी हाताने ॲपर्चर फिरवायची एक जुनी लेन्स जपून ठेवली आहे. तिची पाती एकदा लावली की जागची हलत नाहीत.

खोलीची खिडकी झाकलेली हवी, नाहीतर ढग येतात-जातात तसा फोटोंचा उजेड बदलत राहतो. पंखा बंद. पाणी बारीक नळीने, कुंडी न उचलता. कॅमेऱ्याला बॅटरीऐवजी ॲडाप्टर, आणि तो इन्व्हर्टरच्या सॉकेटवर.

खरा प्रश्न मात्र किती वेळाने एक फोटो, हा. वेल नुसती वर चढत नाही, तिचा शेंडा आणि तणावे हवेत गोल फिरत आधार शोधतात. एका फेऱ्याला तास-दोन तास लागतात. तासाला एक फोटो घेतला तर वेल वाढताना दिसेल, पण तणावा इथून तिथे उड्या मारेल, त्याचं चाचपणं हरवेल. पाच मिनिटांना एक घेतला की दिवसाचे 288 होतात, म्हणजे पडद्यावर बारा सेकंद, आणि फेरा सलग दिसतो.

दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’ला भांडवल मिळावं म्हणून आधी हेच केलं होतं. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ चित्रण करून मिनिटाभराच्या आसपासचा ‘अंकुराची वाढ’ तयार केला. मूकपटाच्या काळातला सेकंदाला सुमारे सोळा चौकटींचा वेग धरला, तर मिनिटाच्या हजारेक चौकटी होतात. महिन्यावर वाटल्या तर दिवसाला तीसएक. आपोआप फोटो घेणारा टायमर आज माझ्या कॅमेऱ्यातच आहे. त्यांच्या काळी चित्रपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे, तेव्हा त्या महिन्यातली शिस्त मला थक्क करते. पैसे लावणाऱ्यांना पटवायला त्यांनी राजवाडा किंवा लढाई निवडली नाही, घरातला वाटाणा निवडला, यात मला त्यांची कारागिराची नजर दिसते.

माझ्या नव्या कुंडीत आता एकच गोष्ट ठरायची आहे: आधाराची काडी. ती मधोमध रोवली तर तणावा लवकर पकडेल आणि शोधणं संपेल. फार लांब रोवली तर वेल चौकटीबाहेर लवंडेल. सध्या ती डावीकडे वीतभर अंतरावर रोवली आहे. आधीच्या कुंडीतली वेल तरी त्याच बाजूला झुकली होती.