हे पाह्यलं का?

बहिरमच्या यात्रेत मोठी माणसं हंडी आणि रोडग्यांत गुंतलेली असायची, तेव्हा आम्ही पोरं बायस्कोपवाल्याला शोधत फिरायचो. पैसे एकापुरतेच. अर्धा खेळ मी बघायचा, अर्धा मामेभावानं. आणि झरोक्याला डोळा लावलेल्यानं बाहेरच्याला आतलं सांगत राहायचं. ‘ताजमहाल आला बे... गेला!’ माझा पहिला ताजमहाल असा ऐकीवच.

पुढं गल्लीत रात्रीपुरता भाड्यानं व्हीसीआर यायला लागला. त्याही पुढं अकोल्यात मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. गाण्यांसोबत दुकानदार आपल्या मनानं दोन-चार अजब क्लिपा टाकून द्यायचा : विहिरीत पडलेला बिबट्या, बकरी गिळलेला अजगर. त्या ब्लूटूथनं घ्यायच्या तर दोन फोन शेजारी शेजारी ठेवून तिथंच बसावं लागे. तेवढ्यात चहा होई आणि देणाऱ्याला खोदून विचारताही येई : कुठलं हे? कोणी काढलं? थापा तेव्हाही कमी नव्हत्या. पण मारणाऱ्याला त्या समोर बसून माराव्या लागत.

मग व्हॉट्सॲप आलं आणि समोर बसणं संपलं. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तेव्हा घरात कोंडलेल्या आमच्या सगळ्या गोतावळ्यानं तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला. लोणार शेजारच्या बुलढाण्यातलं, तरी निम्म्यांना तो रंग कॉम्प्युटरवर चढवलेला वाटला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. रंग होता खाऱ्या पाण्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. हे मी ग्रुपवर टाकलं. कोणी उघडलंही नसावं.

आणि २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळते गोळे रांगेनं सरकत गेले. साऱ्या विदर्भानं पाहिले. उल्का अशी निवांत जात नाही, बोट दाखवेपर्यंत विझते. या गोळ्यांनी मात्र खिशातून फोन काढून, कॅमेरा लावून, ‘अबे पाय, पाय!’ असं ओरडायलाही सवड दिली. अकोल्याच्या मावशीनं गच्चीवरून व्हिडिओ काढून मला अमरावतीला पाठवला. रात्री तोच, तिच्या ‘हे काय व्हय वं माय!’सकट, सुरतच्या आतेभावाकडून आला. खाली लिहिलेलं : क्षेपणास्त्र.

खरी गोष्ट त्याहून भारी होती. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञानं ती वस्तू ओळखली : चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा. फेब्रुवारी २०२१ मध्ये उपग्रह सोडून झाला, काम संपलं, आणि ते रिकामं धूड वर्षाहून जास्त काळ पृथ्वीभोवती फिरत राहिलं. तिथल्या विरळ हवेला घासत कक्षा खाली येत गेली आणि नेमकी पाडव्याच्या संध्याकाळी, आपल्या डोक्यावर ते पेटलं. सगळं जळालंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भली मोठी रिंग येऊन पडली. मला तर व्हिडिओपेक्षा हाच भाग पाठवण्याजोगा वाटतो. पण रिंगला आग नव्हती. तिचे फोटो आमच्या गोतावळ्यात फारसे कोणी पुढं ढकलले नाहीत.

मावशीला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं, मधे दोन प्रश्नही विचारले. ‘अस्सं व्हय!’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडून व्हिडिओ आला. तिचाच. क्षेपणास्त्र लिहिलेला.