पिवळी दोरी

तुमच्या ऑफिसमध्ये आयडी कार्डाच्या दोऱ्या किती रंगांच्या आहेत? एकदा बघाच. परमनंटवाल्यांची निळी, कॉन्ट्रॅक्टवाल्यांची लाल, हाउसकीपिंगची हिरवी... कुणी मुद्दाम सांगत नाही, पण लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या सगळ्यांची नजर आधी दोरीवर जाते आणि मग चेहऱ्यावर. त्या दिवशी माझ्या गळ्यात पिवळी दोरी होती. तिला लटकलेल्या कार्डावर काळ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'व्हेंडर'.

प्रसंग पुण्यातला. एका कॉर्पोरेट गोल्फ स्पर्धेची स्मरणिका लिहायचं काम मला मिळालं होतं. आता बाळापूरच्या मुलीचा आणि गोल्फचा संबंध काय, हा प्रश्न मलाही पडला होता. आमच्याकडे एवढी मोकळी जमीन कुणाकडे असती, तर त्यानं तिच्यात कपाशी नाहीतर सोयाबीन पेरलं असतं. पण फ्रीलान्स पत्रकाराला 'हे मला येत नाही' असं म्हणून चालत नाही. मास कॉमच्या दोन वर्षांत आम्हाला लीड कशी लिहायची, हेडिंग कसं द्यायचं, सगळं शिकवलं. 'हो, जमेल की!' हे मात्र माझं मीच शिकले.

स्मरणिकेत चार पानं गोल्फच्या इतिहासाची हवी होती. विषयही ठरवून दिला होता : दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अमेरिकेतले प्रोफेशनल गोल्फर आणि त्यांच्या स्पर्धा. मी तीन आठवडे वाचत बसले. सुरुवातीला कंटाळत, मग चक्क रात्री जागून!

कारण ती गोष्ट गोल्फची कमी आणि दाराची जास्त निघाली.

अमेरिकेची पहिली यूएस ओपन १८९५ साली न्यूपोर्टला झाली. खेळाडू किती? अवघे अकरा. दहा प्रोफेशनल आणि एक हौशी. जिंकला होरेस रॉलिन्स नावाचा एकवीस वर्षांचा इंग्रज पोरगा, त्याच क्लबमधला मदतनीस. बक्षीस दीडशे डॉलर आणि एक सोन्याचं पदक. आज 'प्रोफेशनल' म्हटलं की आपल्याला वाटतं, वा, म्हणजे हौशीपेक्षा वरचा. तेव्हा नेमकं उलटं होतं. हौशी म्हणजे जंटलमन. पोटापाण्याची चिंता नाही, खेळायचं ते शौक म्हणून. प्रोफेशनल म्हणजे क्लबचा नोकर. त्यानं काठ्या दुरुस्त करायच्या, मेंबरांना शिकवायचं, हिरवळीवर लक्ष ठेवायचं आणि वर्षातून थोडे दिवस स्पर्धा खेळायची. बहुतेक क्लबहाऊसमध्ये त्याला प्रवेश नव्हता. तो कपडे बदलायचा दुकानात किंवा शेडमध्ये.

मग आला वॉल्टर हेगन. लोहाराचा मुलगा, रॉचेस्टर गावात लहानपणी लोकांच्या गोल्फच्या बॅगा उचलणारा कॅडी. १९१४ साली बाविसाव्या वर्षाच्या आतच त्यानं यूएस ओपन जिंकली. १९२० मध्ये तो ब्रिटिश ओपन खेळायला इंग्लंडमधल्या डीलला गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की प्रोफेशनलांना क्लबहाऊसमध्ये यायचं नाही. पठ्ठ्यानं काय करावं? एक आलिशान मोटार भाड्यानं घेतली, ती थेट क्लबहाऊसच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. स्पर्धेत तो पार तळाला गेला, ते सोडा. १९२३ साली ट्रूनला तो दुसरा आला. आठवडाभर बाहेर ठेवलेल्या खेळाडूंना बक्षीस समारंभासाठी आत बोलावलं, तर हा आत गेलाच नाही. जमलेल्या लोकांना म्हणाला, चला माझ्याबरोबर पबमध्ये!

डीलच्याच वर्षी, १९२० मध्ये, अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या इन्व्हर्नेस क्लबनं यूएस ओपनसाठी आपलं क्लबहाऊस प्रोफेशनलांना उघडून दिलं. या साध्या गोष्टीचं खेळाडूंना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी वर्गणी काढली आणि क्लबला एक उंच घड्याळ भेट दिलं. आत येऊ दिलं म्हणून घड्याळ! हे लिहिताना मी दोन मिनिटं थांबले होते.

पण स्पर्धेच्या दिवशी मेन गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं माझी पिवळी दोरी पाहिली आणि अगदी नम्रपणे सांगितलं, "मॅडम, हे गेट मेंबर आणि गेस्टसाठी आहे. तुम्ही गेट नंबर तीन." गेट नंबर तीन म्हणजे मागची बाजू. किचन, गॅसची सिलिंडरं, उलटे घालून ठेवलेले टब आणि कॅडींची बसायची जागा. जेवणाच्या वेळी लॉनवर बुफे लागला, तो खेळाडूंसाठी. आमचं जेवण अडीच वाजता पत्र्याच्या शेडखाली, कॅडींबरोबर. जेवण उत्तम होतं, खोटं कशाला बोलू? पण समोरच्या टेबलावर स्मरणिकेचा गठ्ठा होता आणि तिच्या अकराव्या पानावर मी लिहिलेली हेगनच्या मोटारीची गोष्ट होती. आत बसून लोक ती वाचत होते. एक गृहस्थ खळखळून हसलेसुद्धा.

माझ्याजवळ ना मोटार, ना हेगनसारखी हिंमत. मी पोळीभाजी खाल्ली आणि ताट जागेवर ठेवून आले.

घरी येऊन वाटलं, अमेरिकेचं काय एवढं कौतुक? ही गोष्ट तर आपल्याच पुण्यात त्याच्या कितीतरी आधी घडली होती, आणि कितीतरी जास्त कडू. पळवणकर बाळू. १८७६ साली जन्मलेला चर्मकार समाजातला मुलगा. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायचं आणि लोळवायचं काम करायचा, महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथं तो साहेब लोकांना सरावासाठी तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकायचा. बॅटिंग मात्र त्याला देत नसत. बॅट ही मालकाची वस्तू, घाम गड्याचा! ग्रेग नावाचा एक नावाजलेला इंग्रज बॅट्समन, बाळूनं आउट केलं की दर वेळी त्याला आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. मला ती नेहमी गोड वाटायची. आता वाटतं, तोही एक रेटच होता की.

त्या बोलिंगची कीर्ती झाली तेव्हा पुण्याच्या हिंदू संघाला बाळू हवा झाला. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. पण चहाची वेळ झाली की त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूनं त्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. तरीही हिंदू संघाची कॅप्टनशिप त्याच्या वाट्याला कधी आली नाही. ती आली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

हेगनला आत घेत नव्हते ते त्याच्या धंद्यामुळे. तो जिंकत गेला, पैसे कमावत गेला आणि दार किलकिलं झालं. बाळूला बाहेर ठेवलं ते जन्मामुळे, आणि जन्माला भाड्याची मोटार लागू पडत नाही. अमेरिकेतही हेच होतं. तिथल्या व्यावसायिक गोल्फरांची संघटना १९१६ साली स्थापन झाली. हेगन आणि त्याच्या मित्रांसाठी ती मोठा आधार ठरली. पण पुढे याच संघटनेच्या नियमांत फक्त गोऱ्यांनाच सदस्यत्व अशी अट होती, आणि ती जायला १९६१ साल उजाडलं. स्वतःसाठी दार उघडून घेतलेली माणसं ते आपल्यामागं लोटूनही घेतात. हे वाक्य स्मरणिकेत होतं. 'टोन जरा हेवी होतोय' म्हणून कापलं गेलं.

आणि सगळे काही हेगन नसतात. बेन होगनचं उदाहरण घ्या. टेक्ससमधला हाही कॅडीच. १९३० मध्ये प्रोफेशनल झाला आणि पुढची कित्येक वर्षं गावोगावच्या स्पर्धा खेळत फिरला. खिसा रिकामा झाला की घरी परत जायचा आणि पैसे जमवून पुन्हा निघायचा. १९३८ साली ओकलंडला शेवटच्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघतो, तर गाडीची मागची चाकं चोरीला गेलेली! तसाच मैदानावर पोचला, खेळला आणि वरच्या नंबरात आला. बक्षीस चारशे डॉलरपेक्षाही कमी, पण त्यावर पुढचा प्रवास निभावला. एकट्याच्या नावावरची पहिली मोठी जीत मिळायला त्याला १९४० पर्यंत थांबावं लागलं. १९३४ साली सगळ्यात जास्त बक्षिसं मिळवणाऱ्या पॉल रनयनची वर्षाची कमाई होती ६,७६७ डॉलर. हा पहिल्या नंबरवाला. विसाव्या, तिसाव्या नंबरवाल्यांनी काय खाल्लं असेल?

ते मला चांगलं माहीत आहे. मॅगी.

स्मरणिकेचे बत्तीस हजार रुपये ठरले होते. बिल पाठवलं. 'प्रोसेसमध्ये आहे.' मग 'अप्रूव्हल पेंडिंग आहे.' मग 'अकाउंट्सच्या मॅडम रजेवर आहेत.' दोन महिने झाले, तिसरा लागला. रूमचं भाडं मैत्रिणीनं भरलं. एका रात्री न राहवून घरी फोन केला आणि पैशांचं सांगता सांगता ते गेट नंबर तीनचंही सांगून टाकलं. मला वाटलं, बाबा चिडतील, निदान वाईट तरी वाटून घेतील.

"मंग?" बाबा म्हणाले. "मांगच्या दारानं गेली त का झालं? जेवाले भेटलं नं?"

"बाबा, प्रश्न जेवणाचा नाही."

"मले समजते. तुह्या आजाचं सांगू का?"

आमचा धंदा मंडप-बिछायतीचा. मान आणि म्हैस नद्यांच्या मधोमध उभा असलेला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री सोडली, तर बाळापूर एके काळी ओळखलं जायचं ते सतरंज्या-गालिच्यांसाठी. आजोबा सतरंज्या विणत नसत, भाड्यानं द्यायचे. लग्न म्हटलं की बैलगाडीत सतरंज्या, लोड, तक्के, गॅसबत्त्या घालून निघायचं. वाड्याच्या मागच्या अंगानं शिरायचं, दुपारपर्यंत सगळं अंथरून ठेवायचं. मग पाहुणे येऊन त्याच सतरंज्यांवर ऐसपैस बसायचे, आणि आजोबा गोठ्यापाशी उभे. सगळ्या पंगती उठल्या की शेवटी बिछायतवाल्यांना हाक यायची.

"एका लग्नात उरलंसुरलं वाढलं," बाबा सांगत होते. "तवापासून बुढ्यानं लग्नात जेवनच सोडलं. घरून भाकर बांधून न्यायचा. अन्‌ अर्धे पैशे आंधी घ्यायचा. म्हने, पंगतीत बसवसान त बसू, नाही त पैशे मोजा. जेवनात पैशे कापाचे नाहीत."

"मग कामं गेली नाहीत?"

"गेली नं. दोन घरं तुटली. बाकीची राह्यली." थोडं थांबून म्हणाले, "भाडं किती बाकी आहे वं तुह्यं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पैसे पाठवले. मी परत करते म्हटलं, तर त्यावर काही बोलले नाहीत.

स्मरणिकेचे पैसे चौऱ्याण्णवाव्या दिवशी आले, टीडीएस कापून. आणि गेल्या आठवड्यात त्याच लोकांचा फोन आला. पुढची स्मरणिका तुम्हीच करा, लोकांना फार आवडली. "फक्त बजेट यंदा थोडं टाइट आहे. वीस हजारांत बसवा ना. पण या वेळी गाला डिनरचा पास देऊ तुम्हाला. क्लबहाऊसच्या आत!"

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. पैशांचा नाही, पासचा. आत कसं आहे ते मला बघायचं होतं. मेन गेटनं, छानशी साडी नेसून, गळ्यात कुठल्याच रंगाची दोरी न घालता. बारा हजारांत तेवढं मिळत असेल तर काय वाईट? मी मनातल्या मनात ब्लाउजचा रंगसुद्धा ठरवला होता. मग लक्षात आलं, हे तेच टोलेडोचं घड्याळ आहे. आत येऊ दिलं म्हणून मीच वर्गणी द्यायची.

रात्री मेल लिहिला. चार वेळा खोडला. 'वीस हजारांत करते' असाही एक ड्राफ्ट होता, कारण मी नाही म्हटलं तर हो म्हणणारी दहा जणं रांगेत उभी आहेत, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. मी काही हेगन नाही. यूएस ओपन सोडा, मला अजून महिन्याचं भाडं जिंकायचं आहे.

शेवटी जे पाठवलं ते असं : 'मानधन पूर्वीइतकंच, बत्तीस हजार. निम्मं आधी. डिनरचा पास नको. स्पर्धेच्या दिवशी मात्र मेन गेटनं येईन, आणि दोरी इतर पाहुण्यांना द्याल त्याच रंगाची द्या.'

पाठवल्यावर पोटात गोळा आला. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकलं, म्हणजे 'मेल बघितला नाही' म्हणायला नको. दोन निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर अजून नाही.

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं केलं." मग जरा वेळानं, "डबा नेत जाय पोरी सोबत."